झोन आला का?

कडुलिंब असो, अडुळसा असो की दारुहळद, वनस्पतीचा अर्क जंतूंना रोखतो का हे पाहायचं झालं की मायक्रोबायॉलॉजीच्या प्रयोगशाळेत हमखास विचारलं जातं, "झोन आला का?" जंतू पसरलेल्या अगारच्या प्लेटला कॉर्क बोररने भोक पाडायचं, त्यात अर्क ओतायचा आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी भोकाभोवती जंतू न वाढलेलं जे वर्तुळ दिसतं, तोच झोन. ते पट्टीने मोजायचं. एम.एस्सी.चे कितीतरी प्रबंध या पट्टीवर उभे आहेत. पण ही पद्धत वनस्पतींसाठी जन्मलेलीच नाही.

तिची सुरुवात एका सुगरणीपासून होते. १८८१च्या सुमारास वाल्टर हेस्से हा डॉक्टर रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करत होता. तेव्हा जंतू जिलेटिनवर वाढवत. उन्हाळ्यात ते वितळे, आणि काही जंतू तर ते पचवून त्याचं पाणी करत. हेस्सेची बायको फॅनी जेली घट्ट करायला अगार वापरायची. जावामध्ये राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून तिला ते कळलं होतं. आपल्याकडे पुडिंगसाठी आणतात तो चायना ग्रास तो हाच. फॅनीने ते नवऱ्याला सुचवलं. १८८२च्या क्षयरोगावरच्या निबंधात कॉखने अगारचा उल्लेख केला, हेस्से दांपत्याचा मात्र नाही. १८८७मध्ये पेट्रीने झाकणाची बशी आणली आणि तिला त्याचं नावही मिळालं. फॅनीच्या नावाने काहीच उरलं नाही.

वर्तुळाचा खरा जन्म झाला तो ऑक्सफर्डमध्ये, युद्धाच्या काळात. पेनिसिलिन शुद्ध करायची धडपड चालू होती आणि रोजचा प्रश्न साधाच होता: आजच्या द्रावात ते आहे किती? नॉर्मन हीटलीने अगारवर दोन्ही टोकांना उघड्या छोट्या नळ्या उभ्या केल्या आणि त्यांत द्राव भरला. द्राव झिरपत पसरे आणि नळीभोवती वर्तुळ उमटे. पेनिसिलिन जास्त असेल तर वर्तुळ मोठं. शेजारच्या नळीत माहीत असलेलं प्रमाण ठेवलं की तुलना करता येई. युक्ती बिनतोड होती, कारण दोन्ही नळ्यांत एकच पदार्थ होता, आणि तोही पाण्यात सहज विरघळणारा.

पेनिसिलिनने सगळ्यांच्याच आशा चाळवल्या होत्या. बुरशीत असं काही सापडतं तर झाडात का नसावं? १९४३मध्ये ई. एम. ऑस्बोर्न यांनी सुमारे २३०० वनस्पतींच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. पुढे नळीच्या जागी कागदाची चकती आली. १९६६मध्ये सिएटलच्या बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी चकतीची चाचणी प्रमाणित केली आणि ती इस्पितळांत रुळली. प्रत्येक अँटिबायोटिकसाठी स्वतंत्र तक्ता ठरला: या औषधाचं वर्तुळ इतके मिलिमीटर आलं तर जंतू बळी पडणारा, त्याहून कमी आलं तर नाही.

हा तक्ता हीच गोम आहे. एका औषधाचे १५ मिलिमीटर आणि दुसऱ्याचे १५ मिलिमीटर सारखे नसतात, कारण वर्तुळ जंतू रोखण्याच्या ताकदीइतकंच पदार्थाच्या प्रवासावरही ठरतं. कोलिस्टिन हे जालीम औषध, पण त्याचा थोराड रेणू अगारमधून नीट सरकत नाही. म्हणून त्याच्यासाठी चकतीची चाचणी विश्वासार्ह मानत नाहीत. मग हळदीचं काय? तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याचं वर्तुळ लहान आलं तर दोष कर्क्युमिनच्या ताकदीचा की प्रवासाचा, हे पट्टी कसं सांगणार? अर्कात तर असे कित्येक रेणू एकत्र असतात, आणि अर्काला तक्ताही नसतो. तरी 'तुळशीचा झोन कडुलिंबापेक्षा मोठा, म्हणून तुळस अधिक प्रभावी' असे निष्कर्ष छापून येत राहतात.

काही गुण तर पट्टीला दिसतच नाहीत. दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत बर्बेरिन असतं. स्टॅफिलोकॉकस हा जंतू ते पंपासारख्या प्रथिनाने पेशीबाहेर फेकून देतो. अशाच एका झुडपात हा पंप अडवणारा दुसरा पदार्थही असल्याचं २०००मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. तो स्वतः जंतू मारत नाही. एकटा चकतीवर ठेवला तर झोन शून्य, आणि बाद!

अगारमधल्या प्रवासाच्या अडचणीवर प्रिटोरियाच्या कोबस एलॉफ यांनी १९९८मध्ये चांगला तोडगा सुचवला. ९६ खणांच्या प्लेटमध्ये अर्क पायरीपायरीने निम्मा निम्मा पातळ करत न्यायचा, जंतू घालायचे आणि नंतर टेट्राझोलियम रंजक टाकायचं. जंतू जिवंत असतील तिथे लाल रंग येतो. ज्या सर्वात कमी प्रमाणाला रंग येत नाही, ते उत्तर. इथे अर्काला अगारमधून वाट काढावी लागत नाही, आणि उत्तर मिलिमीटरमध्ये न येता प्रमाणात येतं.

२००६मध्ये या क्षेत्रातल्या काही जाणत्यांनी एक कसोटी सुचवली: अर्काचा परिणाम मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली दिसला तरच पुढे जावं. भोकात ओतला जाणारा अर्क मात्र अनेकदा मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे हजारपट दाट असतो. एवढ्या दाट अर्काचा झोन आला नाही तरच नवल.