मठांतल्या पोथ्या आणि म्हाताऱ्यांची मराठी

पोज्जो नावाच्या इटालियन पंडिताला 1417 साली जर्मनीतल्या एका मठात ल्युक्रेशियस या रोमन कवीचे हरवलेले काव्य सापडले. युरोपच्या इतिहासात ही हकीकत मोठ्या कौतुकाने सांगतात. आपल्या विदर्भातही असे घडले आहे, पण घरच्या गोष्टीचे कौतुक आपल्याला जरा उशिराच सुचते!

आपल्याकडचा प्रकार मात्र निराळा होता. महानुभाव पंथाच्या मठांतील पोथ्या धूळ खात पडलेल्या नव्हत्या. त्यांची पूजा होई, पठण होई, नकला होत. त्या हरवल्या होत्या त्या बाहेरच्या मराठी जगाला, कारण त्या लिहिल्या होत्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा वेगळेच चिन्ह! परचक्राच्या भयाने हे केले असे कोणी म्हणतात, अनधिकाऱ्याच्या हाती शास्त्र पडू नये म्हणून असे कोणी म्हणतात. मला दोन्ही कारणे खरी वाटतात. परिणाम एवढा झाला की, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ शेकडो वर्षे मराठी माणसाला वाचता आला नाही.

तो ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून, पडताळून, सुमारे 1278 साली अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे लिहून काढल्या. पंथाची परंपरा अशी की, पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि अनुयायांनी तोंडपाठ असलेल्या लीळा जुळवून ग्रंथ पुन्हा उभा केला. या पाठ सांगणारांत हिराइसा या बाईचे नाव आदराने घेतले जाते. भगिनींनो, मठातून पोथी शोधून काढणाऱ्यांची नावे आपण घेतो, तेव्हा तिचे नाव आधी घ्यायला हवे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी सकळ लिपीचे कोडे उलगडले. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी पोथ्या जमवल्या, अभ्यासल्या. आपल्या नागपुरात ह. ना. नेने यांनी 1936 पासून लीळाचरित्राचे भाग छापून काढले, आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी तर सारे आयुष्य या वाङ्मयाला वाहिले. त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र 1978 साली निघाले. एकाच प्रसंगाचे चार पोथ्यांत चार पाठ! त्यातला कोणता जुना, हे शब्दाशब्दाला ठरवायचे. आणि त्याहूनही कठीण काम म्हणजे पोथी राखणाऱ्याचा विश्वास मिळवणे. ज्या ग्रंथाला तो फूल वाहतो, तो परक्याच्या हाती द्यायला त्याचे मन सहजी कसे धजावेल? त्याच्या नकाराला हट्ट म्हणणे मला तरी बरोबर वाटत नाही.

या पेट्यांतून आपल्या हाती काय आले? महदाइसेचे धवळे आले. मराठीची आद्य कवयित्री ती हीच. रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या प्रसंगी तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची ही गाणी रचली. चक्रधरांना ती शंकांवर शंका विचारी, आणि लीळाचरित्रात तिचे प्रश्न उत्तरांइतक्याच निगुतीने टिपले आहेत. सातशे वर्षांपूर्वी बाईने काय विचारले, हे कोणाला लिहून ठेवावेसे वाटले, हेच मला मोठे नवल वाटते.

स्मृतिस्थळ या ग्रंथातही एक प्रसंग आहे. केशिराजबास हे संस्कृतचे मोठे पंडित. ते संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. का, तर पंथातल्या म्हाताऱ्यांना संस्कृत कळणार नाही, त्या वंचित राहतील! म्हणून ग्रंथ मराठीत झाले. पुढे तीच मराठी सकळ लिपीत गेली आणि ज्या म्हाताऱ्यांसाठी ती निवडली, त्यांच्या लेकीसुनांपैकी पंथाबाहेरच्या सगळ्या तिला मुकल्या, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

आता रिद्धपुरातच महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठ काढले आहे. धवळे आणि लीळाचरित्र तर बाळबोध लिपीत छापलेली मिळतात. भाषा जुनी आहे, पहिली चार पाने अडखळायला होते. धवळे मात्र मोठ्याने म्हणून पाहावेत, कारण ते मुळात म्हणण्यासाठीच रचलेले आहेत.