हाताशी येणारे मासे

इसवी सनापूर्वी ६० साली सिसेरोने आपला मित्र अ‍ॅटिकस यास लिहिलेल्या एका पत्रात रोममधील बड्या मंडळींवर भरपूर तोंडसुख घेतले आहे. प्रजासत्ताकाचा पाया खचू लागलेला, आणि ही मंडळी मात्र आपापल्या मत्स्यतळ्यांकाठी दंग. तळ्यातले दाढीवाले तांबडे मासे हाताशी आले की झाले, त्यांना स्वर्ग दोन बोटे उरतो, अशी सिसेरोची तक्रार. या लोकांना त्याने 'पिस्किनारी' असे शेलके नावही दिले. आपण 'तळेवाले' म्हणू.

राजकीय इतिहासाचे अभ्यासक हा मजकूर उमरावशाहीच्या बेफिकिरीचा पुरावा म्हणून वाचतात, आणि तो तसा आहेही. आमचे लक्ष मात्र त्यातल्या एका साध्या तपशिलावर खिळले: मासे हाताशी येतात. उपहास लागू पडायचा तर ज्याचा उपहास करायचा ती गोष्ट वाचणाऱ्याच्या पाहण्यातली असावी लागते. अ‍ॅटिकसला हे समजावून सांगण्याची गरज सिसेरोला वाटलेली नाही. तेव्हा प्रश्न असा, की मासा खरोखर माणसाळतो का, आणि माणसाचा स्पर्श तो स्वीकारतो म्हणजे नेमके काय करतो?

या बाबतीत उत्तम साक्षीदार व्हारो. शेतीवरच्या त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात मत्स्यपालनाचा मजकूर येतो, आणि त्यात होर्तेन्सियुस या प्रख्यात वक्त्याचे, म्हणजे सिसेरोच्या न्यायालयातल्या प्रतिस्पर्ध्याचे, चित्र आहे. नेपल्सच्या आखातावर बाउली येथे त्याची तळी होती. घरच्या तळ्यात मासळी तुडुंब असताना हा गृहस्थ जेवणासाठी मासे पुतेओली गावच्या बाजारातून आणवी. आपले मासे खाणे दूरच, ते उपाशी राहू नयेत म्हणून लहान मासळी पुरवणारे कोळी त्याने पदरी बाळगले होते. समुद्र खवळला तर खारवलेली मासळी विकत घेऊन तळ्यात टाकली जाई. व्हारो पुढे जे सांगतो ते वाचून आम्ही थबकलो. आजारी गुलामाच्या पोटात थंड पाणी जाते की काय, यापेक्षा माशांना ताजे पाणी मिळते की नाही याची काळजी होर्तेन्सियुसला अधिक असे.

व्हारोने ओघात लिदियातल्या पवित्र माशांचाही उल्लेख केला आहे. तिथे यज्ञाच्या वेळी बासरी वाजली की मासे थव्याने काठाशी येत आणि त्यांना कोणी पकडत नसे. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहातले महासीर मासे देवाचे म्हणून राखलेले आहेत. भाविक खाद्य टाकतात आणि मासे पायरीशी गोळा होतात. त्या गर्दीत भक्ती माणसांची असते. माशांना एवढेच ठाऊक, की इथे पोट भरते आणि जाळे पडत नाही.

मात्र रोमन मंडळींचे तेवढ्यावर भागेना. थोरला प्लिनी सांगतो, की होर्तेन्सियुसचा बाउली येथे एक लाडका मुरेना होता (हा मासा आपल्या वामेसारखा लांबट, अंगाला खवले नाहीत, दात मात्र तीक्ष्ण) आणि तो मेल्यावर होर्तेन्सियुस रडला असे मानले जाई. पुढे त्याच वाड्यात द्रुससची पत्नी आंतोनिया हिने आपल्या आवडत्या मुरेनाला कर्णभूषणे घातली. ती बघण्यासाठी लोक मुद्दाम बाउलीला येऊ लागले. माशाला बाहेरून दिसणारे कान नसतात, तेव्हा डूल अडकवले कुठे, हे प्लिनीने सांगितलेले नाही. पण कुठेही अडकवायचे तर तो बुळबुळीत, चावरा जीव कुणीतरी हातात घट्ट धरला असणारच, आणि ते काम आंतोनियाने स्वतः केले असेल असे आम्हाला वाटत नाही.

इथे प्राणिशास्त्राकडे वळणे भाग आहे. आंधळ्या कॅटफिशला खाद्यापूर्वी शीळ ऐकवत गेले, तर तो पुढे नुसत्या शिळेवर आपल्या नळीतून बाहेर येतो, हे कार्ल फॉन फ्रिश याने १९२३ साली प्रसिद्ध केले. म्हणजे बादशाही तळ्यातले मासे हाकेला येतात, काही तर आपापल्या नावाला येतात, या प्लिनीच्या विधानाचा पूर्वार्ध तरी थापेचा नव्हता. स्पर्शाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. माशाच्या त्वचेवरचा चिकट थर हे त्याचे कवच. रोगजंतू आणि परजीवी त्यामुळे दूर राहतात, आणि माणसाचा कोरडा हात नेमका तोच पुसून काढतो. दुसरीकडे, २०११ साली मार्टा सोआरेस व सहकाऱ्यांनी दाखवले की प्रवाळांत राहणाऱ्या एका जातीच्या माशांना सफाई करणाऱ्या माशाच्या हलत्या प्रतिकृतीचा स्पर्श मिळाला, तर त्यांच्या शरीरातले ताणाचे संप्रेरक कमी होते. त्या प्रतिकृतीजवळ मासे आपण होऊन जात. तेव्हा माशाला स्पर्श नकोच असतो असे नाही. जो स्पर्श तो स्वतः येऊन घेतो आणि जो त्याला धरून दिला जातो, त्यांतले अंतर मोठे आहे. सिसेरोच्या तळेवाल्यांचा मासा पहिल्या प्रकारातला, आंतोनियाचा दुसऱ्या.

सिसेरोने ज्याची टर उडवली, त्याच दृश्यावर सुमारे दीडशे वर्षांनी मार्शलने स्तुतिपर कविता रचली. बायाए येथील तळ्यातले मासे आपल्या धन्याला, म्हणजे सम्राट दोमितियनला, ओळखतात आणि त्याचा हात चाटतात, सबब कोळ्याने दूर व्हावे, असा तिचा आशय. प्रजासत्ताकात जो चेष्टेचा विषय होता तो साम्राज्यात निष्ठेचा दाखला झाला. आमच्या मते मार्शलचे मासे हे दरबारी आहेत. त्यांच्यावरून माशांविषयी काही शिकू नये, दरबाराविषयी शिकावे.

आता राहिला वेदियुस पोल्लियो. हा ऑगस्टसचा स्नेही. एका मेजवानीत एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला, तेव्हा वेदियुसने त्याला मुरेनांच्या तळ्यात टाकण्याचा हुकूम दिला. सेनेका लिहितो, की तो पोरगा सुटून सम्राटाच्या पायांशी पडला. त्याने जीवदान मागितले नाही, फक्त दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने मरण मागितले. ऑगस्टसने त्याला सोडवले, घरातली सारी स्फटिकाची भांडी फोडायला लावली आणि तळे बुजवायला सांगितले. दिओ कासियुस ही हकीकत देताना एक शब्द अधिक घालतो: ते मुरेना माणसे खायला 'शिकवलेले' होते. हाताशी येणारा मासा आणि हा मासा, दोघांची शाळा एकच. मुरेनाला दिसते कमी, तो वासावर चालतो. हात कुठे संपतो आणि घास कुठे सुरू होतो हे त्याला नेमके कळत नाही. हाताने खाऊ घालू पाहणाऱ्या पाणबुड्यांनी आपल्या काळातही बोटे गमावली आहेत.

वेदियुस इसवी सनापूर्वी १५ साली वारला आणि नेपल्सजवळचा त्याचा पाउसिलिपोनचा वाडा ऑगस्टसकडे गेला. प्लिनीने सेनेकाचा हवाला देऊन नोंदवले आहे, की त्या वाड्यातल्या तळ्यात वेदियुसने सोडलेला एक मासा साठ वर्षांनी मेला आणि त्याच्याच वयाचे, त्याच जातीचे आणखी दोन तेव्हाही जिवंत होते. मधल्या काळात रोमने तीन-चार सम्राट पाहिले. तळ्याकाठी रोज घास टाकणारे गुलाम किती बदलले, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.