बिल रसेल : मैदानावर उभा असलेला प्रशिक्षक (१९६६–१९६९)

इतिहासात 'पहिला' हे विशेषण जितके आकर्षक, तितकेच फसवे असते. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल संघटनेतील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक म्हणून बिल रसेल यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये त्यांच्याही आधी, १९६१ साली, जॉन मॅक्लेंडन यांनी क्लीव्हलँड पायपर्स या संघाची धुरा सांभाळली होती. ती अमेरिकन बास्केटबॉल लीग अल्पायुषी ठरली आणि तिच्याबरोबर ते नावही मागे पडले.

आता रसेल यांच्याकडे वळू.

जन्म १९३४, लुइझियानातील मन्रो. वर्णभेदाने पोळलेले हे गाव सोडून कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे आले. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला १९५५ व १९५६ अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदे, त्याच वर्षी मेलबर्न ऑलिम्पिकचे सुवर्णपदक आणि डिसेंबरात बॉस्टन सेल्टिक्स संघात प्रवेश, असा हा वेगवान प्रवास होता. त्यांचे वैशिष्ट्य गुण मिळवण्यात नव्हते, बचावात होते. प्रतिस्पर्ध्याचा फटका अडवताना ते चेंडू प्रेक्षकांत भिरकावून देत नसत; हलकेच आपल्या सहकाऱ्याकडे वळवत. अडवणूक हीच आक्रमणाची पहिली पायरी, हा विचार त्या खेळाला बऱ्याच अंशी त्यांनीच दिला.

पण ज्या संघाला ते जिंकून देत होते, त्या संघाचे दौरे वर्णभेदाच्या देशातून जात होते. १९६१ साली केंटकीतील लेक्सिंग्टन येथे हॉटेलच्या उपाहारगृहात त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना खाणे नाकारले गेले. रसेल आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडू प्रदर्शनीय सामना न खेळताच परतले.

१९६६ साली प्रशिक्षक रेड ऑअरबाख यांनी निवृत्त व्हायचे ठरवले. इथे दंतकथा आणि इतिहास यांच्या वाटा वेगळ्या होतात. रसेल ही त्यांची पहिली पसंती नव्हती. आधी फ्रँक रॅमसी, बॉब कूझी आणि टॉम हाइनसन या तीन गौरवर्णीय माजी खेळाडूंकडे विचारणा झाली होती. तिघांनीही नकार दिला. त्यानंतर रसेल यांचे नाव पुढे आले, आणि त्यामागचा युक्तिवाद अत्यंत व्यावहारिक होता : रसेल यांना सांभाळू शकेल असा माणूस खुद्द रसेल यांच्याशिवाय कोण? हा निर्णय समाजसुधारणेच्या भावनेतून झाला असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते.

घोषणेची वेळही पाहा. लेकर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेतील पहिला सामना सेल्टिक्स हरले होते. दुसऱ्या दिवशी, १८ एप्रिल रोजी, ऑअरबाख यांनी उत्तराधिकाऱ्याचे नाव जाहीर केले आणि लेकर्सच्या विजयाची बातमी झाकोळून गेली. ती मालिका सेल्टिक्सनेच जिंकली. सलग आठवे विजेतेपद!

पत्रकार परिषदेत रसेल यांना विचारण्यात आले, की गौरवर्णीय खेळाडूंना तुम्ही निःपक्षपातीपणे वागवू शकाल का? त्यांनी होकार दिला. हाच प्रश्न कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संदर्भात गौरवर्णीय प्रशिक्षकांना विचारण्याची रीत नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आणि काम तरी केवढे! वय ३२, हाताशी एकही सहायक प्रशिक्षक नाही, स्वतः जवळजवळ पूर्ण वेळ मैदानात. धावता धावताच कोणाला विश्रांती द्यायची, कोणाला उतरवायचे हे ठरवायचे. पहिल्या हंगामात ६० विजय मिळाले, परंतु विल्ट चेंबरलेन यांच्या फिलाडेल्फियाने विभागीय अंतिम मालिकेत ४–१ अशी धूळ चारली. विजेतेपदांची साखळी तुटली.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रतिस्पर्धी. पहिला सामना ५ एप्रिल १९६८ रोजी होता. आदल्याच संध्याकाळी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. खेळावे की नाही यावर दोन्ही संघांत विचारविनिमय झाला; अखेर सामना झाला. त्यानंतर सेल्टिक्स १–३ असे पिछाडीवर पडले आणि तेथून त्यांनी मालिका ४–३ अशी फिरवली. एनबीएमध्ये असे पूर्वी कधीच घडले नव्हते. पुढे लेकर्सला नमवून रसेल विजेते प्रशिक्षक झाले.

१९६९ चा संघ मात्र थकलेला होता. पूर्व विभागात चौथा. तरी तो अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत पोहोचला. लॉस एंजेलिसच्या सभागृहात छताला हजारो फुगे टांगलेले होते आणि लेकर्सच्या विजयानंतरच्या सोहळ्याचा क्रम सांगणारे पत्रकही छापून तयार होते. ते पत्रक रसेल यांच्या हाती पडले. शेवटच्या क्षणांत डॉन नेल्सन यांचा फटका कड्याच्या मागच्या भागावर आदळून उंच उडाला आणि सरळ जाळीत पडला. सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६. फुगे छतालाच राहिले. १३ हंगामांतील ११ वे विजेतेपद घेऊन रसेल निवृत्त झाले.

पुढे सिॲटल (१९७३–७७) आणि सॅक्रामेंटो येथे त्यांनी प्रशिक्षकपद भूषवले. सिॲटलला त्यांनी प्रथमच प्लेऑफमध्ये नेले. सॅक्रामेंटोत अवघ्या १७ विजयांनंतर त्यांना हटवण्यात आले. स्वतः मैदानात नसलेला रसेल हा निराळाच प्रशिक्षक होता.

१९७५ साली 'हॉल ऑफ फेम'मध्ये खेळाडू म्हणून निवड झाली, तेव्हा ते समारंभाला गेले नाहीत; आपल्या आधी इतर कृष्णवर्णीय खेळाडूंचा मान होता, असे त्यांचे म्हणणे होते. १९५० साली एनबीएच्या निवडप्रक्रियेत घेतलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू चक कूपर यांची २०१९ मध्ये निवड झाली. त्यानंतरच रसेल यांनी आपली अंगठी स्वीकारली. प्रशिक्षक म्हणून त्यांना तेथे स्थान मिळाले २०२१ मध्ये, मृत्यूच्या एक वर्ष आधी.