आवाजातले काय ठेवायचे? मोबाइल व संगणकाच्या डिजिटल मायक्रोफोनचा इतिहास आणि निवड

प्रस्तावना

वर्गातल्या तासाचे ध्वनिमुद्रण करायचे ठरवून आपण मायक्रोफोन शोधू लागलो की पहिला शब्द समोर येतो तो 'डिजिटल'. खोक्यावर '२४ बिट', '१९२ किलोहर्ट्झ', 'नॉइज कॅन्सलेशन' असेही छापलेले असते. यांतले आपल्या कामाचे कोणते आणि केवळ विक्रीसाठी कोणते, हे ओळखायला इतिहासाची चांगली मदत होते. मायक्रोफोनच्या प्रत्येक पिढीने एक निर्णय घेतलेला आहे : आवाजातला कोणता भाग पुढे पाठवायचा आणि कोणता सोडून द्यायचा. ते निर्णय कोणत्या गरजेतून झाले हे समजले, तर आपली गरज त्यांत बसते की नाही हे आपल्याला तपासता येते. या पाठात आपण तो क्रम पाहू आणि शेवटी निवडीकडे येऊ.

१. मायक्रोफोनच्या आधी

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तिथे मायक्रोफोन नव्हता. गायिकेसमोर एक मोठा कर्णा होता. आवाजाच्या दाबाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हले आणि त्याला जोडलेली सुई मेणावर खाच कोरी. ध्वनीच्या या मार्गात वीज कुठेच नव्हती. त्यामुळे आवाज मोठा लावावा लागे, तोंड कर्ण्याजवळ आणावे लागे आणि उच्च वारंवारतेचे बारीक ध्वनी तबकडीवर जवळजवळ उमटतच नसत.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात देशातल्या अनेक भाषा-बोलींच्या तबकड्या काढण्यात आल्या. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण व्यापारी पातळीवर आले ते १९२५ मध्ये. म्हणजे त्यातला बराचसा काळ कर्ण्याचाच होता. या पद्धतीत स, श यांसारखे ऊष्म वर्ण नीट उमटत नाहीत. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला नेमके जे ऐकायचे असते, तेच यंत्राने गाळलेले असू शकते. ही अडचण पुढेही वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते.

२. टेलिफोनने घेतलेला निर्णय

'मायक्रोफोन' हा शब्द चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८२७ मध्ये वापरला होता, पण तो केवळ बारीक आवाज कानाशी आणणाऱ्या उपकरणासाठी. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा टेलिफोन १८७६ चा. त्याचा आवाज दूरवर फार क्षीण पोहोचे. १८७७ मध्ये एमिल बर्लिनर आणि थॉमस एडिसन यांनी वेगवेगळ्या वाटांनी यावर उपाय शोधला. १८७८ मध्ये डेव्हिड ह्यूज यांनी कार्बनच्या सैल जोडणीवर चालणारे आपले उपकरण दाखवले आणि त्याला मायक्रोफोन म्हटले. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही.

कार्बन मायक्रोफोनचे तत्त्व सोपे आहे. पडद्यामागे कार्बनचे कण असतात आणि त्यांतून बॅटरीचा प्रवाह जातो. आवाजाने पडदा दाबला की कण एकमेकांना घट्ट चिकटतात, रोध कमी होतो, प्रवाह वाढतो. आवाज स्वतः वीज निर्माण करत नाही, तो फक्त बॅटरीच्या प्रवाहाची तोटी कमी-जास्त उघडतो. म्हणून विद्युत वर्धकाचा शोध लागण्यापूर्वीही मोठा संकेत मिळू लागला. याची किंमत म्हणजे सतत येणारी खरखर आणि आवाजाचा बदललेला पोत. तरीही टेलिफोनमध्ये हा मायक्रोफोन सुमारे शंभर वर्षे टिकला.

पुढे टेलिफोनसाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरेसा मानला गेला. एका मार्गावर जास्तीत जास्त संभाषणे बसवायची, तर प्रत्येकाला कमी जागा द्यावी लागते आणि एवढ्या पट्ट्यात बोलणे समजते. निर्णय शहाणपणाचा होता, पण त्याची मर्यादा भाषेत जाणवते. 'स' चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. मराठीत 'जग' हा शब्द दोन प्रकारे उच्चारतात, एकाचा अर्थ दुनिया आणि दुसरा 'जगणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. 'चहा' मधला च आणि 'चोर' मधला च यांतही असाच फरक आहे. हा फरक ओळखण्यात घर्षणाच्या वरच्या वारंवारता मोलाच्या असतात. फोनवर आपण तो संदर्भावरून भरून काढतो. मराठी नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र संदर्भाचा आधार कमी असतो.

३. स्टुडिओची वेगळी वाट

१९१६ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला. यात पातळ पडदा आणि त्यामागची स्थिर पट्टी यांच्यात विद्युतभार असतो. पडदा हलला की दोघांतले अंतर बदलते आणि त्यानुसार विद्युतदाब बदलतो. आवाज कितीतरी अधिक इमानाने पकडला जाऊ लागला, पण त्यासाठी बाहेरून मोठा विद्युतदाब द्यावा लागे आणि वर्धक अगदी जवळ ठेवावा लागे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे केंद्र आले आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव रूढ झाले. आता हळू आवाजातले बोलणे आणि गाणेही घरोघरी पोहोचू शकत होते. टेलिफोन आणि स्टुडिओ अशा दोन परंपरा इथे वेगळ्या झाल्या. पहिलीचा प्रश्न होता, 'बोललेले समजते का?' दुसरीचा होता, 'जसे होते तसे ऐकू येते का?' आजच्या मोबाइलमध्ये या दोन्ही परंपरा एकाच डबीत राहतात.

४. १९६२ : तीन घटना

डिजिटल मायक्रोफोनच्या इतिहासात १९६२ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पहिली घटना बेल लॅबोरेटरीजमधली. गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी टेफ्लॉनच्या पातळ पापुद्र्यावर विद्युतभार कायमचा साठवून 'इलेक्ट्रेट' मायक्रोफोन बनवला. कंडेन्सरला लागणारा बाहेरचा मोठा विद्युतदाब यामुळे नको झाला. मायक्रोफोन लहान आणि स्वस्त झाला आणि पुढे कॅसेट रेकॉर्डर, श्रवणयंत्रे, टेलिफोन आणि इअरफोनच्या वायरीत जाऊन बसला.

दुसरी घटना शिकागो परिसरातली. तिथे टी-१ ही डिजिटल टेलिफोन यंत्रणा सुरू झाली. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेऊन ते आकड्यांत पाठवण्याची ही पद्धत. मूळ कल्पना ॲलेक रीव्ज यांची, १९३७ ची. नमुने जितके, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज टिकतो. त्यामुळे ८००० नमुन्यांत ४००० हर्ट्झच्या वरचे काही उरत नाही. टेलिफोनचा जुना पट्टा अशा रीतीने आकड्यांतही कायम झाला.

तिसरी घटना जपानमधली. इनोसे, यासुदा आणि त्यांच्या सहकाऱ्याने 'डेल्टा-सिग्मा' पद्धत मांडली. यात थोडे पण मोठे आकडे लिहिण्याऐवजी अतिशय वेगाने फक्त १ आणि ० लिहितात. संकेत वर असेल तिथे १ दाट येतात, खाली असेल तिथे ० दाट येतात.

५. पडदा सिलिकॉनवर येतो

मोबाइल आणि लॅपटॉप आले तेव्हा इलेक्ट्रेटच्या दोन अडचणी पुढे आल्या. सर्किटवर सुटे भाग यंत्राने डाखताना जी उष्णता लागते, तिने इलेक्ट्रेटमधला साठवलेला भार कमी होतो. म्हणून तो भाग वेगळा बसवावा लागे. दुसरी अडचण वायरीची. लॅपटॉपचा मायक्रोफोन पडद्याच्या कडेला असतो आणि तिथून क्षीण संकेत बिजागरीतून, वायफायच्या अँटेनाजवळून खाली आणावा लागतो. वाटेत तो बाहेरचे गोंगाट उचलतो. जुना जीएसएम मोबाइल स्पीकरजवळ ठेवला की येणारी 'टर्र टर्र' याच जातीची.

१९८० च्या दशकात सिलिकॉनवर सूक्ष्म पडदा कोरण्याचे प्रयोग सुरू झाले. नोल्स या अमेरिकन कंपनीने २००३ च्या सुमारास असे 'मेम्स' मायक्रोफोन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. पुढच्या काही वर्षांत त्याच डबीत डेल्टा-सिग्मा परिवर्तकही बसू लागला. आता मायक्रोफोनमधून क्षीण विद्युतदाबाऐवजी सेकंदाला सुमारे तीस लाख एक-शून्य बाहेर पडतात आणि त्यांना वाटेतली खरखर सहसा बाधत नाही.

इथे या पाठातला मुख्य मुद्दा येतो. हवा, पडदा आणि त्याचा कंप पूर्वीसारखेच आहेत. 'डिजिटल' हा शब्द आवाजाचे आकडे कोणत्या ठिकाणी होतात एवढेच सांगतो. आवाज चांगला आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. पडदा अगदी लहान असल्याने मेम्स मायक्रोफोनची स्वतःची सूक्ष्म सरसर असतेच. त्याच्या माहितीपत्रकात संकेत-गोंगाट प्रमाण ६५ डेसिबल दिले असेल, तर ९४ डेसिबलच्या प्रमाणित आवाजातून ६५ वजा करावेत. उत्तर २९ डेसिबल येते. ही त्याची अंगची सरसर. १६ बिटच्या आकड्यांत सुमारे ९६ डेसिबलची जागा असते. म्हणजे मायक्रोफोनच ६५ वर थांबत असेल, तर खोक्यावरच्या '२४ बिट' ने त्यातली सरसर कमी होत नाही.

६. सॉफ्टवेअरचा निर्णय

आवाज आकड्यांत आला की त्यावर गणित करता येते आणि इथेच नवा निर्णय होतो. संभाषणाची ॲप सतत एकसारखा येणारा आवाज गोंगाट समजून पुसतात. पंखा आणि एसीसाठी हे उत्तमच. पण तानपुऱ्याचा आवाजही सतत आणि एकसारखाच असतो. ऑनलाइन संगीतवर्गात शिष्याला गुरूचा तानपुरा मध्येच नाहीसा झालेला ऐकू येतो, तो यामुळे. मायक्रोफोनने तो पकडलेला असतो, गणिताने तो पुसलेला असतो. बऱ्याच ॲपमध्ये ही प्रक्रिया बंद करून मूळ आवाज पाठवण्याची सोय असते, ती आधी शोधावी.

ब्लूटूथचेही असेच आहे. गाणी ऐकताना छान वाटणाऱ्या इअरफोनचा मायक्रोफोन चालू केला की नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज संभाषणाच्या पद्धतीत जातो आणि सेकंदाला ८ किंवा १६ हजार नमुन्यांवर येतो. टेलिफोनच्या काळातला निर्णय इथे पुन्हा भेटतो.

७. मग निवड कशी करावी?

पहिला प्रश्न अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. तोंडापासून ८० सेंटिमीटरवरच्या लॅपटॉपऐवजी २० सेंटिमीटरवर कॉलरला मायक्रोफोन लावला, तर १२ डेसिबलचा फायदा होतो आणि खोलीचा घुमणारा आवाजही तुलनेने मागे पडतो. जवळ लावलेला साधा मायक्रोफोन लांब ठेवलेल्या महागड्यापेक्षा बहुधा चांगला ठरतो. मात्र ख, फ, भ यांसारख्या महाप्राणांचा श्वास थेट पडद्यावर आदळू नये म्हणून फोमची टोपी घालावी आणि तो तोंडाच्या रेषेत न धरता किंचित बाजूला ठेवावा.

दुसरा प्रश्न जोडणीचा. ३.५ मिलिमीटरच्या पिनेचा मायक्रोफोन ॲनालॉग असतो आणि त्याचे आकडे फोन किंवा संगणक बनवतो. संगणकाच्या या सॉकेटमध्ये खरखर असेल, तर यूएसबी मायक्रोफोन घेणे योग्य, कारण आकडे मायक्रोफोनमध्येच होतात. टाइप-सी पिनेचे काही अडॅप्टर फक्त ॲनालॉग तारा पुढे नेतात, तर काहींत परिवर्तक असतो. पहिल्या प्रकारचे प्रत्येक फोनवर चालत नाहीत. विकत घेण्याआधी आपल्याच फोनला लावून पाहावे.

तिसरा प्रश्न नमुन्यांचा. भाषणासाठी ४८ किलोहर्ट्झ आणि १६ बिट पुरेसे आहेत. त्याहून मोठ्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजण्याऐवजी संकेत-गोंगाट प्रमाण पाहावे.

चौथा प्रश्न, आवाजावर कोण काय प्रक्रिया करते? ती बंद करता येत असेल, तर मूळ ध्वनिमुद्रण स्वच्छ ठेवावे. गोंगाट नंतर कमी करता येतो, पण पुसलेला आवाज परत आणता येत नाही.

सारांश

कर्णा, कार्बन, कंडेन्सर, इलेक्ट्रेट, मेम्स या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या तरी कामासाठी आवाजातला काही भाग ठेवला गेला आणि काही सोडला गेला. व्यापारी संभाषणासाठी जे सोडून देणे परवडले, ते भाषा शिकवताना किंवा गाणे शिकवताना परवडेलच असे नाही. आपले व्याख्यान उद्या दुसऱ्या राज्यातला, कदाचित ही भाषा नव्याने शिकणारा विद्यार्थी ऐकणार आहे. त्याला 'जग' चे दोन्ही उच्चार वेगळे ऐकू आले पाहिजेत. मायक्रोफोन निवडताना ही कसोटी धरावी.

स्वाध्याय

१. कार्बन मायक्रोफोनला वर्धक का लागत नसे, ते आकृतीसह स्पष्ट करा.
२. संकेत-गोंगाट प्रमाण ७० डेसिबल असलेल्या मायक्रोफोनची अंगची सरसर किती?
३. चहा, चोर आणि 'जग' चे दोन्ही उच्चार, हे सारे एकदा फोनच्या रेकॉर्डरवर व एकदा ब्लूटूथ इअरफोनच्या मायक्रोफोनवर मुद्रित करा. ऐकताना कोणता फरक हरवतो, ते नोंदवा.
४. आपल्या मातृभाषेतले असे दोन ध्वनी शोधा, जे टेलिफोनवर एकमेकांत मिसळतात. त्याचे कारण लिहा.