धानाच्या बांधीतील संगीत नाटक : झाडीपट्टी रंगभूमीची वाटचाल

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा या चार जिल्ह्यांतील जंगलाने वेढलेला आणि तलावांच्या पाण्यावर धान पिकवणारा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो, आणि तेथे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या परंपरेला झाडीपट्टी रंगभूमी असे नाव आहे. गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग असल्यामुळे या परंपरेचा जुना इतिहास दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक आहे. मराठी नाट्येतिहासाच्या लेखनात पुणे-मुंबईच्या मानाने तिला फारच थोडी जागा मिळाली, आणि हा अन्याय आहे. कारण ज्या संगीत नाटकाचा अस्त झाला असे ते लेखन मानते, त्याचा एक जिवंत प्रवाह येथे अखंड वाहत राहिला.

या रंगभूमीच्या मुळाशी दंडार आणि खडी गंमत हे दोन लोकप्रकार आहेत. दंडार म्हणजे शेतकऱ्यांनीच सादर करावयाचे नृत्यगीतमय नाट्य, ज्यात स्त्रीपात्रेही पुरुषच वठवीत. तर खडी गंमत हा उभ्याने सादर होणारा, शाहीर, ढोलकी आणि स्त्रीवेषातील नाच्या यांच्या आधाराने रंगणारा तमाशाचा वैदर्भीय भाऊबंद होय. दोहोंतही कलावंत आणि प्रेक्षक एकाच गावचे, बहुधा एकाच बिरादरीचे असत, आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या जागेच्या चार हातांपलीकडे अंतर नसे. पुढे पडदे, रंगभूषा आणि लिखित संहिता आल्या, तरी हे सान्निध्य सुटले नाही.

नाटकाचा हंगाम ठरवला तो धानाने. पावसाळी धानाची कापणी आणि मळणी उरकली की घरात धान्य आणि हाती पैसा येतो, बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेते, कोरड्या पडतात, आणि शेतकऱ्याला उसंत मिळते. याच काळात मंडई भरते. मंडई ही दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा असून तिच्या निमित्ताने सासरी गेलेल्या लेकी, जावई आणि सोयरे गावात मुक्कामाला येतात. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हेही असेच दुसरे निमित्त. दिवसा बाजार किंवा पट, रात्री नाटक, आणि मधल्या वेळेत उपवर मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणी अशी ही व्यवस्था होती. म्हणून येथील नाटक ही तिकीट काढून पाहावयाची करमणूक तर होतीच, पण त्याहून अधिक ते गावाने पाहुण्यांना दिलेले आतिथ्य होते, आणि त्याच्या टिकाऊपणाचे खरे कारण याच नात्यात शोधावे लागते.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्याची पदे, पौराणिक कथानके आणि गाणारा नायक हा साचा झाडीत रुजला, कारण दंडारीमुळे गाण्यातून गोष्ट ऐकण्याची सवय येथील कानांना आधीपासूनच होती. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट १९३२ मध्ये आला, आणि पुढील काही वर्षांत शहरांतील मोठ्या संगीत मंडळ्या कर्ज, खर्च आणि घटती गर्दी यांपुढे टिकेनाशा झाल्या. जेथे गावात पडदाही नव्हता आणि वीजही नव्हती, तेथे मात्र या लाटेचा आघात तितका बसला नाही. ऑर्गन आणि तबला रंगमंचालगत, प्रेक्षकांच्या नजरेसमोरच राहिले, नट स्वतःच्या गळ्याने गात राहिले, आणि आवडलेल्या पदाला ‘वन्स मोअर’ची मागणी करण्याचा अधिकार प्रेक्षकाने कधी सोडला नाही. नंतर ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड आले, पण वादकाने समोर बसून साथ करावी ही अपेक्षा बदलली नाही.

प्रारंभी गावातील हौशी मंडळीच नाटक बसवीत आणि स्त्रीपात्रांसाठी पुढे नागपूरहून अभिनेत्री बोलावीत. कालांतराने गावाने स्वतः नाटक करण्याऐवजी ते ठरवून आणण्याची पद्धत आली, आणि तिचे केंद्र बनले गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज. गोंदिया-बल्लारशाह लोहमार्गावरील हे स्थानक जिल्ह्यातील रेल्वेचे दीर्घकाळ एकमेव ठिकाण होते. त्यामुळे बाहेरून येणारे कलावंत, सामान आणि नाटक ठरवण्यासाठी येणारे गावकरी यांची गाठ तेथेच पडे. हंगामात वडशाच्या रस्त्यांवर नाट्यसंस्थांची कार्यालये उघडतात, भिंतींवर नाटकांची भित्तिपत्रके लागतात, आणि गावचे आयोजक तारीख, नाटक आणि रक्कम पक्की करून परततात. या बदलाने कलावंताला मोबदला मिळाला, पण गावातील तरुणाने वर्षातून एकदा तोंडाला रंग लावण्याची संधी मात्र आटली, आणि ही हानी लहान नाही.

विषयही पौराणिकाकडून सामाजिकाकडे वळले. चंद्रपूर जिल्ह्यातील नवरगावच्या सदानंद बोरकरांचे ‘आत्महत्या’ हे नाटक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर असून, ज्यांच्या घरांवर ती वेळ येऊ शकते त्यांच्यासमोरच ते उघड्या मैदानात सादर झाले. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे शेतकरी-नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर सुमारे ८०० भूमिका आणि ५,०००हून अधिक प्रयोग सांगितले जातात. त्यांच्याप्रमाणेच या रंगभूमीवरील अनेक कलावंत होळीनंतर शेतीकडे किंवा मजुरीकडे वळतात, आणि पावसाळ्यात रोवणी आटोपल्यावर पुढल्या हंगामाच्या नाटकांची जुळवाजुळव पुन्हा सुरू होते.