राफ्टो पारितोषिक : एका अध्यापकाचे स्मारक

सत्पुरुषाच्या पश्चात त्याच्या नावे घाट बांधावा, धर्मशाळा उभारावी, देवळापुढे दीपमाळ चढवावी, ही चाल आपल्याकडे जुनी आहे. नॉर्वेतील बेर्गेन नगरात १९८६ साली थोरॉल्फ राफ्टो नामक अध्यापक निवर्तला, तेव्हा त्याच्या चाहत्यांनी निराळेच स्मारक योजिले. त्यांनी त्याच्या नावे एक प्रतिष्ठान स्थापिले आणि मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्यांस दरवर्षी पारितोषिक देण्याचा संकल्प सोडला.

राफ्टो हा आर्थिक इतिहासाचा प्राध्यापक. पूर्व युरोपातील छळ सोसणाऱ्या विचारवंतांना साहाय्य करण्याचे व्रत त्याने घेतले होते. १९७९ साली प्रागमध्ये, राजकीय कारणावरून विद्यापीठांतून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपुढे त्याने व्याख्यान दिले. या अपराधाबद्दल तेथील पोलिसांनी त्यास बेदम मारले. त्या माराने त्याची प्रकृती खालावली. व्रत मात्र सुटले नाही. १९८७ सालचे पहिले पारितोषिक त्याच देशातील यिरी हायेक यांस मिळाले. १९६८ साली परराष्ट्रमंत्री असलेला हा गृहस्थ पुढे 'सनद ७७' या नागरी हक्कांच्या चळवळीचा प्रवक्ता झाला होता. जेथे गुरूस मार बसला, तेथेच पहिला मान गेला, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

१९९३ साली हा मान पूर्व तिमोरच्या जनतेस मिळाला. गोमंतकीय वाचकांस हे नाव परके वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत त्या बेटाचा पोर्तुगीज कारभार गोव्याच्याच अखत्यारीत होता. गोवा १९६१ साली मुक्त झाला. तिमोरवरील पोर्तुगीज अंमल मात्र १९७५ साली ओसरला, आणि त्याच वर्षी इंडोनेशियाच्या फौजा आत शिरल्या. जगाने बहुतांशी पाठ फिरविली असता बेर्गेनने त्या लोकांची दखल घेतली. त्यांच्या वतीने बोलणाऱ्या जोझे रामोस-होर्ता यांस १९९६ साली नोबेल शांतता पारितोषिक विभागून मिळाले. २००२ साली देश स्वतंत्र झाला. इराणच्या शिरीन एबादी यांसही बेर्गेनचा मान २००१ साली, तर नोबेल २००३ साली लाभले.

२००७ साली हेच पारितोषिक भारतातील राष्ट्रीय दलित मानवाधिकार अभियानास देण्यात आले. येथे आम्हांस क्षणभर थांबणे भाग आहे. बंधूंचा गौरव झाला म्हणून आनंद मानावा, तर ज्या अन्यायाशी झुंजल्याबद्दल तो झाला, तो आपल्याच गावकुसाशी, आपल्याच पाणवठ्यावर घडलेला. पंढरीचे द्वार सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणास लावावे लागले. १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही २००७ साली त्या लढ्याची दखल जगास घ्यावी लागली.

परदेशी प्रतिष्ठानाने आमच्या घरात डोकावू नये, असे कोणी म्हणेल. परंतु प्रागमध्ये बोलावयास गेलेल्या राफ्टोलाही हेच सुनावण्यात आले असते. दीपमाळ पेटली की तिचा प्रकाश गाभाऱ्यापुरता राहत नाही. वेशीबाहेर कोण उभा आहे, तेही तो दाखवितो. जे दिसले, त्याचे उत्तरदायित्व मात्र आपले.