चामड्याचे होल्स्टर (घरगुती घडण)

पिस्तूल, सुरी किंवा छाटणीची कात्री कमरेच्या पट्ट्याला लावून बाळगण्यासाठी त्या वस्तूच्याच आकाराचे शिवलेले चामडी कव्हर. वस्तूची धार किंवा चाप माणसाला लागू नये, धूळ-पाणी वस्तूला लागू नये आणि हात जाताच वस्तू हाती यावी, एवढे त्याचे काम. तलवारीच्या म्यानाचेही काम हेच; पण म्यानाला आतून लाकडाचा आधार असतो, चामडे वरून मढवलेले असते. होल्स्टरमध्ये लाकूड नाही. तिथे चामड्याला स्वतःच्या बळावर आकार धरून राहावे लागते. म्हणून होल्स्टर चांगले की वाईट, हे नक्षीवर किंवा शिलाईच्या नीटसपणावर नंतर ठरते. आधी ते कातडे कसे कमावले आहे त्यावर ठरते.

ही रीत नांदगावचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून दिली आहे. नांदगाव हे नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातले, मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचे, मनमाड आणि चाळीसगाव यांच्या मधले तालुक्याचे गाव. पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. माळावर तरवड, बांधावर बाभूळ. इथे पिस्तुलाचे होल्स्टर लागणारी माणसे मोजकी, म्हणजे पोलीस आणि परवानाधारक. पण जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन्ही हंगामांत दिवसभर कात्री चालवणारे हात हजारो आहेत, आणि कात्री खिशात कोंबली की खिसाही फाटतो, मांडीही चिरते. खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या पकडीलाही असेच घर लागते. पुढे दिलेली रीत या सगळ्यांना लागू आहे. पिस्तुलासाठी जे वेगळे पाळावे लागते ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

पूर्वपीठिका : घोड्यावरचे स्वार पिस्तुले खोगिराच्या पुढच्या बाजूला चामडी नळकांड्यांत अडकवत. होल्स्टर कमरेवर आले ते पुढे, आणि त्यातला एक टप्पा हिंदुस्थानातच घडला. १८५८ मध्ये पिलिभीतजवळच्या चकमकीत सॅम्युअल ब्राउन या घोडदळातल्या अधिकाऱ्याचा डावा हात गेला. एका हाताने तलवार उपसता यावी आणि पिस्तूलही जागेवर राहावे यासाठी त्याने कमरपट्ट्याला उजव्या खांद्यावरून तिरप्या पट्ट्याची जोड दिली. ‘सॅम ब्राउन’ या नावाचा तो पट्टा भारतीय पोलीस अधिकाऱ्यांच्या समारंभी गणवेशात आजही दिसतो.

महाराष्ट्रात मात्र जाड चामडे शिवण्याची विद्या शस्त्रांपेक्षा शेतीने अधिक सांभाळली. ढोर समाजाने कातडी कमवायची आणि चर्मकारांनी त्यांतून जोडे, नाडे, वाद्या, आसूड, पखाल आणि मोट करायची, अशी ही विभागणी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात या बलुत्यांचे जग वाचायला मिळते. मोट हे या विद्येचे सर्वांत अवघड काम. विहिरीत बुडायचे, भरल्या वजनाने वर ओढले जायचे, थारोळ्यात रिकामे व्हायचे आणि पुन्हा बुडायचे. हे दिवसभर चालले तरी टीप उसवता कामा नये. ऑइल इंजिने आणि विजेचे पंप आले तशी मोट गेली, आणि तिच्याबरोबर खेड्यांतले हे कामही आटले. जे उरले ते मुख्यतः कोल्हापुरी चपलेत. २०१९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाल्याचे जाहीर झाले तेव्हा त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले चार जिल्हेही होते. खिळा न मारता चामड्याच्या वादीनेच शिवलेली ती चप्पल हाती घेऊन तळ वाकवून पाहावा. होल्स्टरला लागणारा ताठपणा म्हणजे काय ते बोटांना तिथे समजते.

चामड्याची निवड : कातडे कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत झाडांच्या सालींतले आणि फळांतले टॅनिन कातड्याच्या तंतूंत मुरवतात. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल वापरत आले आहेत. याला काही आठवडे लागतात. दुसरीत क्रोमियमचे क्षार वापरतात. काम थोड्या दिवसांत होते आणि चामडे मऊ, पाण्याला दाद न देणारे निघते. पर्स, जाकीट, बुटाचा वरचा भाग यांना ते उत्तम. होल्स्टरला निरुपयोगी. सालीचे चामडे ओले असताना मातीसारखा आकार घेते आणि वाळल्यावर तो सोडत नाही. क्रोमचे चामडे कितीही दाबले तरी वाळून पुन्हा सपाट होते. शिवाय धातूला लागून राहण्याच्या कामी क्रोम चामड्यातले क्षार त्रासदायक ठरू शकतात.

दुकानदार ‘असली लेदर’ एवढेच सांगतो, म्हणून ओळख आपली आपण पटवावी. कापलेली कड पाहावी : सालीचे चामडे आरपार तपकिरी असते, क्रोमच्या चामड्यात मधला थर बहुधा निळसर-करडा दिसतो. वरच्या बाजूवर पाण्याचा थेंब ठेवावा. सालीच्या चामड्यात तो मुरतो आणि जागा लगेच काळवंडते. जाडी ३ ते ३.५ मिमी असावी, हलक्या कात्रीसाठी २.५ मिमीही चालते. तुकडा पाठीचा घ्यावा. पोटाचे चामडे स्वस्त मिळते, पण ते ताणले जाते आणि महिन्याभरात होल्स्टरचे तोंड सैल पडते. २०१५ च्या कायदा-दुरुस्तीने महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून बाजारात म्हशीचे चामडेच अधिक भेटते. त्याचे तंतू जाड आणि दाणा मोठा असल्याने रेखीव आकार थोडा कमी उठतो. टिकाऊपणात ते कमी नाही. नांदगावहून माल आणायचा तर मुंबईची धारावी रेल्वेच्या सरळ वाटेवर आहे.

बेतणी आणि कापणी : आधी जाड कागदावर बेत. वस्तू कागदावर ठेवून भोवती रेघ मारावी आणि तिच्याबाहेर वस्तूच्या जाडीचा अर्धा भाग, चामड्याची जाडी आणि टिपेसाठी ८ ते १० मिमी, एवढी जागा सोडावी. नवशिक्याचा बेत नेहमी तंगच पडतो, कारण सपाट कागदाला जाडी कळत नाही. कागदी नमुना स्टेपल करून त्यात वस्तू घालून पाहिल्याशिवाय चामड्याला पाते लावू नये. चामड्याचा तुकडा एकदाच कापला जातो. कापायला चर्मकाराची रापी सर्वांत चांगली, नाहीतर धारदार कटर. पाते उभे धरावे, म्हणजे कड तिरपी होत नाही.

पिस्तुलाच्या होल्स्टरमध्ये चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे. यात सूट नाही. सुरीच्या कव्हरात दोन बाजूंच्या मध्ये चामड्याचीच एक पट्टी बसवावी, नाहीतर धार आतून दोराच कापते. छाटणीच्या कात्रीसाठी तळाशी एक लहान भोक ठेवावे, म्हणजे वेलीचा चीक आणि पाणी साचत नाही. पट्टा ओवायची जागा पट्ट्याच्या रुंदीला घट्ट बसणारी हवी. सैल असेल तर वस्तू उपसताना होल्स्टरही वर येते.

शिलाई : पट्ट्याची जागा आधी शिवावी, मग कडा रबर सोल्यूशनने चिकटवून मुख्य टीप घालावी. कडेपासून ४-५ मिमी आत रेघ ओढावी आणि तिच्यावर ४-५ मिमी अंतराने खुणा कराव्यात. खुणांसाठी जेवणाचा काटाही चालतो. भोके आरीने पाडावीत, आरी दर वेळी एकाच कोनात धरून. दोरा मेण लावलेला, पॉलिस्टरचा, टिपेच्या लांबीच्या साधारण चौपट. दोन्ही टोकांना एकेक सुई ओवून दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर काढतात. मशीनच्या टिपेत एक धागा तुटला की ओळ उसवत जाते. दोन सुयांच्या या टाक्यात प्रत्येक धागा स्वतंत्रपणे कड धरून असतो, म्हणून एक तुटला तरी दुसरा टिकतो. दर टाक्याला ओढ सारखीच ठेवावी. शेवटी दोन-तीन टाके मागे परतून दोरा कापावा.

आकार देणे : हा कामाचा गाभा. शिवून झालेले होल्स्टर कोमट पाण्यात बुडवतात. चामड्यातून बारीक बुडबुडे निघत असतात. ते थांबले की बाहेर काढावे. पाणी कोमटच हवे, कारण सालीने कमावलेले चामडे ७०–८५ अंश सेल्सिअसच्या आसपास आकसून कायमचे खराब होते. काढल्याबरोबर दाबायला घेऊ नये. कपड्यात गुंडाळून ठेवावे आणि वरचा रंग पुन्हा फिकट होऊ लागेपर्यंत थांबावे. त्या वेळी आतली ओल असते पण वरचे पाणी गेलेले असते, आणि बोटाचा ठसा जिथे दाबला तिथे स्पष्ट उमटून राहतो.

आता वस्तू पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत घालावी. पिस्तूल असेल तर शक्यतो लाकडी किंवा प्लास्टिकची हुबेहूब प्रतिकृतीच वापरावी; खरे शस्त्र वापरायचे झाल्यास ते रिकामे असल्याची खात्री करून, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून. आधी अंगठ्याने मोठा आकार बसवावा, मग गुळगुळीत हाडाने किंवा चमच्याच्या पाठीने बारीक कडा उठवाव्यात. नख लागू देऊ नये, त्याची खूण जात नाही. वस्तूच्या प्रत्येक वळणावर चामडे रेखीव बसले की तीच पकड पुढे वस्तूला जागेवर धरते. वस्तू काढून घेऊन होल्स्टर सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. नांदगावचा एप्रिल-मे इथे वैरी ठरतो. पारा चाळिशीपार असतो आणि उन्हात ठेवलेले ओले चामडे काही तासांत वाकडे होऊन कडक, ठिसूळ बनते. सावलीत पूर्ण दिवस तरी द्यावा. पावसाळी हवेत दोन दिवस.

कडा आणि रंग : वाळल्यावर कडा सॅंडपेपरने एकसारख्या कराव्यात, वरचा धारदार कोन काढावा, मग कड किंचित ओली करून किंवा डिंकाच्या पातळ पाण्याने भिजवून लाकडाने किंवा जाड कापडाने जोरात घासावी. घर्षणाच्या उष्णतेने तंतू दबून एकजीव होतात आणि दोन थरांची कड एकाच तुकड्याची वाटते. ही कड शिवणाऱ्याच्या कामाची खरी सही असते. होल्स्टर उचलून पाहणारा जाणकार आधी तिथेच अंगठा फिरवतो.

रंग बाजारातला लावता येतो, पण काळा करायचा असेल तर जुनी रीत अधिक चांगली. व्हिनेगरमध्ये लोखंडी चुका किंवा खिळे आठवडाभर ठेवून गाळलेले पाणी ब्रशने फिरवावे. चामड्यातल्या टॅनिनशी लोहाची प्रक्रिया होऊन ते काही मिनिटांत काळे पडते. हिरडा आणि हिराकस यांपासून जुनी शाई होत असे तिच्यातही हेच घडते. हा काळा रंग चामड्याचाच भाग होतो, त्यामुळे कपड्याला लागत नाही. वर खाण्याच्या सोड्याचे पातळ पाणी फिरवून आम्लाचा अंश मात्र घालवावा. क्रोमचे चामडे या पाण्याने असे काळे होत नाही, म्हणून तुकडा विकत घेतानाच एखाद्या कपच्यावर ही परीक्षा करून घेता येते.

शेवटचा हात तेलाचा आणि मेणाचा. इथे उदारपणा नडतो. चपलेला, नाड्याला, मोटेला भरपूर तेल चोळत, कारण त्यांना लवचिकपणा हवा असतो. एरंडेल आणि करंजाचे तेल चामड्याला जुन्या काळापासून वापरात आहे. होल्स्टरला मात्र ताठपणा हवा, म्हणून कपड्यावर तेलाचे दोन-चार थेंब घेऊन एकदाच पातळ हात द्यावा आणि वर मधमाशीचे मेण घासून चमक आणावी. शेंगदाणा तेल टाळावे, ते खवट होऊन वास मारते.

वापर, कायदा आणि निगा : बंदूक-पिस्तुलाचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार घ्यावा लागतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तुलासारखे अग्निशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. म्हणून वरून झाकण असलेले होल्स्टर उघड्या तोंडाच्या होल्स्टरपेक्षा इथे अधिक उपयोगाचे. नवे होल्स्टर तयार झाले की वस्तू (पिस्तूल असल्यास रिकामे करून) आत घालून, अंथरुणावर उलटे धरून हलवून पाहावे. वस्तू घसरली तर ते सैल आहे, आणि जागा पुन्हा ओली करून आकार द्यावा लागेल. फार घट्ट असेल तर वस्तूला पिशवी गुंडाळून रात्रभर आत ठेवली की पुरेशी जागा होते.

पिस्तूल किंवा सुरी होल्स्टरमध्ये कायमची ठेवू नये. सालीचे चामडे ओल धरते आणि त्यातले टॅनिन आम्लधर्मी असते, त्यामुळे पोलाद गंजते आणि पितळी बटणांवर हिरवा थर येतो. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या कपड्याने पुसून हवेशीर ठेवावे. टीप झिजते ती बहुतेक तोंडाजवळ, जिथे वस्तू रोज आत-बाहेर होते. दुरुस्तीत नवी भोके पाडू नयेत, कारण जवळजवळच्या भोकांनी कड फाटते. जुना दोरा चिमट्याने काढून त्याच भोकांतून, चांगल्या टिपेत दोन-तीन टाके मागे जाऊन, नवी टीप घालावी.